व्याख्यान चौथे : धीर कुठे वाढतो?

 बाहेर पाऊस आहे, रस्त्यात पाणी साचलं आहे, तरी तुम्ही वेळेवर आलात. आम्हीच दहा मिनिटं उशिरा पोहोचलो आणि तुम्ही शांतपणे बसून होतात. म्हणजे आजच्या विषयाची तुमची तयारी आमच्यापेक्षा जास्त झालेली दिसते.

प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिताना आत्म्याच्या फळाची जी नऊ नावे घेतली, त्यांतली प्रीती, आनंद आणि शांती ही तीन आपण मागच्या तीन शुक्रवारी पाहिली. आज चौथे, सहनशीलता. खरं तर आम्ही या विषयावर वेगळंच काही बोलणार होतो, टिपणंही काढली होती. पण मागच्या आठवड्यात प्रश्नांच्या पेटीत दोन चिठ्ठ्या निघाल्या आणि ती टिपणं बाजूला ठेवावी लागली. पहिली चिठ्ठी अशी होती : "मी देवाजवळ धीर मागितला. त्या महिन्यापासून घरात एकामागून एक कटकटी सुरू झाल्या. आता मागणं थांबवू का?"

हसू नका. किंवा हसा, पण हा प्रश्न खोटा नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हा अनुभव घेतला आहे. दुसरी चिठ्ठी हसण्यासारखी नव्हती. तिच्याकडे आपण शेवटी येऊ, कारण तिथपर्यंत जायला थोडी वाट चालावी लागेल.

आधी शब्द नीट बघू. आपण मराठीत धीर, सहनशीलता, सोशिकपणा, संयम हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. एक 'माक्रोथुमिया'. माक्रोस म्हणजे लांब आणि थुमोस म्हणजे राग, संताप. ज्याचा राग पेटायला लांब वेळ लागतो तो माणूस. आपण म्हणतो ना, अमक्याच्या नाकावर राग आहे? हा त्याच्या बरोबर उलटा. गलतीकरांच्या पत्रात हाच शब्द आहे आणि तो बहुतेक वेळा माणसांशी वागण्याबद्दल येतो. दुसरा शब्द 'हुपोमोने'. त्याचा मूळ अर्थ खाली राहणं, ओझ्याखालून पळून न जाता टिकून राहणं. हा बहुधा परिस्थितीबद्दल येतो : आजार, छळ, गरिबी. असे बघा, काही लोक परिस्थितीपुढे डोंगरासारखे उभे राहतात. ऑपरेशन झालं, नोकरी गेली, शेत बुडालं, तरी तोंडातून तक्रार नाही. पण तेच लोक चहात साखर कमी पडली तर घर डोक्यावर घेतात. हुपोमोने भरपूर, माक्रोथुमिया शून्य! आमच्या मते आपल्या मंडळ्यांमध्ये पहिल्यापेक्षा दुसऱ्याची टंचाई जास्त आहे.

आता तिसरा शब्द, कारण आपल्या मालिकेचं नावच ख्रिस्ती चारित्र्य आहे. इंग्रजीत ज्याला कॅरॅक्टर म्हणतात तो शब्द ग्रीक 'खाराक्तेर' यावरून आला. त्याचा अर्थ कोरलेली खूण, ठसा. जुन्या काळी नाणी हाताने पाडत. खाली कोरलेला साचा, मध्ये धातूचा तुकडा, वरून दुसरा साचा आणि त्यावर हातोडा. एका नाण्यासाठी स्वतंत्र घाव. त्या ठशाला हा शब्द होता. इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात पुत्राविषयी बोलताना हाच शब्द वापरला आहे : देवाच्या स्वरूपाचा हुबेहूब ठसा तो पुत्र. म्हणजे ख्रिस्ती चारित्र्य म्हणजे चांगल्या गुणांची यादी पाठ करणं नव्हे. आपल्या धातूवर त्याचा ठसा उमटणं आहे. आणि ठसा दाबाशिवाय उमटत नाही, हे टाकसाळीत काम न केलेल्या माणसालाही समजतं.

पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात जी साखळी मांडतो तिच्यात संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम आहे. तिथे शील यासाठी जो शब्द आहे तो पारखून खरं ठरलेल्या वस्तूचा आहे. आपला सोनार कसोटीच्या दगडावर दागिना घासून कस बघतो, तसं. लक्षात घ्या, कसोटीचा दगड सोनं बनवत नाही. तो फक्त काय आहे ते दाखवतो. संकट आपल्याला वाईट बनवत नाही. आत काय होतं ते बाहेर काढतं. म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्या बंधूंना किंवा भगिनींना पहिलं उत्तर असं की, कटकटी बहुधा आधीपासूनच होत्या. धीर मागितल्यावर तुम्हाला त्या दिसू लागल्या, आणि त्यांच्यापुढे आपण कसे आहोत तेही दिसू लागलं. हे उत्तर पुरेसं नाही, आम्हाला माहीत आहे. पण सुरुवात इथून.

आता पवित्र शास्त्रातल्या एका माणसाकडे जाऊ. धीरावर बोलायचं म्हटलं की सगळे ईयोबाकडे जातात. आम्ही मोशेकडे जाणार आहोत, आणि तेही त्याच्या चुकीकडे.

मोशे मूळचा शांत स्वभावाचा नव्हता. तरुणपणी त्याने एका मिसरी माणसाला ठार मारून वाळूत पुरलं, ही त्याच्या चरित्राची सुरुवात. पुढे अरण्यातली वर्षं गेली आणि गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याचं वर्णन पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस असं आलं. किती मोठं अंतर! फारोसमोर तो डगमगला नाही. पुढे समुद्र आणि मागे सैन्य असताना तो डगमगला नाही. आणि कुठे घसरला? पाण्याच्या तक्रारीवर. गणनेचा विसावा अध्याय. लोक कादेश इथे आहेत, पाणी नाही, लोक नेहमीसारखे भांडत आहेत : आम्हाला कशाला आणलंस, इथे ना अंजीर, ना द्राक्षं. हीच तक्रार त्याने वर्षानुवर्षे ऐकली होती. देव सांगतो, खडकाशी बोल. मोशे खडकाशी बोलत नाही, लोकांवर ओरडतो, त्यांना बंडखोर म्हणतो आणि काठीने खडकावर दोनदा मारतो. पाणी आलं, बरं का. लोक प्यायले, जनावरं प्यायली. देवाने मोशेच्या रागाची शिक्षा तहानलेल्यांना दिली नाही. पण मोशे वचनदत्त देशात गेला नाही.

हा अध्याय आपण नेहमी पाण्यापासून वाचतो. त्याचं पहिलं वचन वाचा. त्या वचनात मिर्याम मेली आणि तिला तिथेच पुरलं, एवढंच आहे. मिर्याम म्हणजे मोशेची मोठी बहीण. तान्हा मोशे लव्हाळ्याच्या पेटीत नदीकाठी ठेवला होता तेव्हा लांब उभी राहून लक्ष ठेवणारी बहीण म्हणजे तीच, असं आपण धरून चालतो. त्याच अध्यायाच्या शेवटी अहरोन मरतो, त्याच्यासाठी तीस दिवस शोक केल्याचं लिहिलं आहे. मिर्यामेसाठी शोक केल्याचा उल्लेख नाही. तिला पुरलं, आणि पुढच्याच वचनात पाण्याचं भांडण. शास्त्र या दोन गोष्टी जोडून दाखवत नाही. ही जोड आमची आहे, पटली तर घ्या. पण बहिणीला मातीत ठेवून आलेला म्हातारा भाऊ, ज्याला रडायला सवड मिळाली नाही, त्याच्या समोर गर्दी येऊन अंजीर आणि द्राक्षं मागते. आम्हाला तरी तो राग पाण्याचा वाटत नाही.

आपलं असंच होतं. आपण चिडतो नळावर, रिक्षावाल्यावर, मुलाच्या वहीवर. मूळ दुसरीकडेच असतं. झोप झालेली नसते, कर्जाचा हप्ता डोक्यात असतो, कोणाच्या तरी जाण्याचं दुःख तसंच गिळलेलं असतं. एलीयाची गोष्ट आठवा. ईजबेलीच्या धमकीने पळून जाऊन तो झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूताने येऊन त्याला प्रवचन दिलं का? नाही. भाकर आणि पाणी दिलं. तो परत झोपला. पुन्हा उठवून पुन्हा भाकर. उपदेश नंतर, डोंगरावर. तेव्हा धीर सुटतोय असं वाटलं की आधी स्वतःला विचारा, जेवलो का? झोपलो का? हा प्रश्न अध्यात्मिक नाही असं कोणी म्हणालं तर त्याला राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय दाखवा.

आता आमच्या घरचं सांगतो. सांगू की नको असा विचार करत होतो, पण चिठ्ठीला उत्तर द्यायचं तर दुसऱ्याच्या घरातलं उदाहरण देऊन चालणार नाही.

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तीस वर्षं तिने संडे स्कूल घेतलं. आज या गावात केस पिकलेले कितीतरी लोक तिच्या हाताखालून गेले आहेत. तीन वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. माणसं ओळखते, जुन्या गोष्टी लख्ख आठवतात, पण आजचा वार तिच्या हातात राहत नाही. रोज सकाळी तिला वाटतं की आज रविवार. उठते, पांढरी साडी नेसते, दानाचे पैसे रुमालात बांधते आणि दारात येऊन बसते. "चल ना रे, पहिली घंटा झाली असेल." आपण सांगायचं, आई, आज मंगळवार. ती म्हणते, हो का? पाच मिनिटांनी पुन्हा, "चल ना रे."

एका मंगळवारी आम्ही ओरडलो. रात्रभर झोप नव्हती, पहाटे सिलिंडर संपला होता, कामावर जायला उशीर झाला होता. कारणं सगळी खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. कितव्यांदा विचारलं होतं ते मोजलं नाही. शब्द इथे सांगण्यासारखे नाहीत. आई गप्प झाली. रुमालाची गाठ सोडली, नाणी परत डबीत टाकली आणि म्हणाली, "बरं. मग रविवार आला की सांग हो."

त्या दिवशी कामावर आमचं काय लक्ष लागणार! संध्याकाळी येऊन तिच्यापुढे बसलो आणि माफी मागितली. तिने विचारलं, "कशाबद्दल रे?" तिला काहीच आठवत नव्हतं. आता बघा, इथे एक पळवाट होती. तिला आठवत नाही म्हणजे प्रकरण मिटलं. पण आम्ही सगळं सांगितलं, तू अशी बसली होतीस, आम्ही असं बोललो. तिने ऐकून घेतलं आणि जुन्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "असं ओरडतात का कोणी आईवर?" आणि हसायला लागली. मग तिने आमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रार्थनेतला एकही शब्द ती विसरली नाही.

त्यानंतर आम्ही सुधारलो असं समजू नका. चौथ्या दिवशी पुन्हा आवाज चढला. मग एक पाटी आणून दारावर लावली, रोज वार लिहायचा. आईने पाटी वाचली, छान अक्षर आहे म्हणाली, आणि दर पाच मिनिटांनी विचारू लागली, "ही पाटी कोणी लावली रे?" म्हणजे एका प्रश्नाचे दोन झाले.

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. तिचा सतरावा प्रश्न आमच्यासाठी सतरावा होता, तिच्यासाठी पहिलाच. आमचा राग तिच्या प्रश्नावर नव्हता, आमच्या मोजण्यावर होता. पेत्राने प्रभूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आपल्याला तो प्रश्न क्षमेचा वाटतो. तो हिशेबाचाही आहे, आणि प्रभूने दिलेल्या उत्तरातला आकडा मुद्दाम एवढा मोठा आहे की मोजणाऱ्याने वहीच मिटावी. मोजणं सोडल्यावर आईचा प्रश्न एकेकटा येऊ लागला. एका प्रश्नाला उत्तर देण्याएवढा धीर आपल्या प्रत्येकाजवळ असतो. सतरांना एकदम पुरेल एवढा कोणाजवळच नसतो.

अजून एक. एके रात्री आम्ही थोड्या अभिमानाने सौ.ला म्हणालो, हल्ली आमचा आवाज चढत नाही. ती भांडी लावता लावता म्हणाली, "तुम्ही संध्याकाळचे दोन तास धीर धरता. मी दिवसाचे बारा तास धरते." बंधूंनो, हे वाक्य आम्हाला कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त लागलं. आपला धीर कोणाच्या तरी पाठीवर उभा असतो, आणि ती पाठ आपल्याला दिसतच नाही. मग दुपारी दोन ते पाच एक बाई ठेवल्या. महिन्यातले दोन शनिवार बहीण येऊन राहते. सकाळचं आईचं सगळं आम्ही करतो, आंघोळ आणि वेणीफणीसुद्धा. वेणी वाईटच घालतो. मदत मागणं म्हणजे धीर कमी पडला असं काहींना वाटतं. मोशेचा सासरा इथ्रो आठवा. दिवसभर लोकांचा न्यायनिवाडा करत बसलेल्या जावयाला तो म्हणाला की हे बरं नाही, तू झिजशील, कामाला माणसं नेम. देवाच्या माणसाला एका सासऱ्याने दिलेला हा सल्ला शास्त्रात जपून ठेवला आहे, तो उगाच नाही.

आता मराठी ख्रिस्ती घरातलं आणखी एक उदाहरण, तुम्हां सर्वांच्या ओळखीचं : टिळक आणि लक्ष्मीबाई. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. या दोन तारखांच्या मध्ये काय काय झालं ते 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. ते १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं, आणि अजून वाचलं नसेल तर तुमचं खरंच नुकसान झालं आहे. टिळक कवी, मोठे भक्त, पण स्वभावाने तापट आणि लहरी. हातात पैसा टिकत नसे, कोण दारात आलं की दिला. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंनी कुठेही न झाकता लिहिलं आहे. पण रडून नाही, हसत हसत. संतमाळेत बसवलेला नवरा त्या आपल्याला दाखवत नाहीत. रागावणारा, रुसणारा आणि पुन्हा लहान मुलासारखा होणारा माणूस दाखवतात.

पण आज आम्हाला दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवायचं आहे. नवऱ्याने धर्म बदलला, त्यामुळे दोघं काही वर्षं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलेलं नव्हतं. एका घरात दोन रीती. एरवी क्षणात भडकणारा हा माणूस या एका बाबतीत थांबला. बायकोला ओढत नेऊन बाप्तिस्मा देण्याचा अधिकार त्या काळच्या नवऱ्याने स्वतःकडे घेतला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पायांनी आणि आपल्या वेळेला. म्हणून १९१९ साली टिळक गेल्यावरही त्यांचा विश्वास उभा राहिला. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेलं. त्यातले सुरुवातीचे अध्याय टिळकांचे, पण बहुतेक ग्रंथ या बाईंचा, आणि त्या कधी शाळेत जाऊन शिकल्या नव्हत्या. सांगायचं काय, की एकाच माणसात तापटपणा आणि धीर शेजारीशेजारी असू शकतात. टिळक पैशाच्या आणि जेवणाच्या गोष्टींत शेवटपर्यंत टिळकच राहिले असतील. पण जिथे दुसऱ्याच्या आत्म्याचा प्रश्न होता तिथे ते थांबायला शिकले. आपल्यालाही एकदम सगळ्या खोल्यांत उजेड मिळत नाही. एक खोली आधी उजळते.

थांबणं म्हणजे काय, याबद्दल याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचं उदाहरण आहे. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो. पॅलेस्टाईनात पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, तेव्हा नांगरट आणि पेरणी. शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरायच्या वेळी. मध्ये चार-पाच महिने. तुमच्यात शेती करणारे आहेत त्यांना विचारतो, पेरल्यानंतर तुम्ही बांधावर बसून राहता का? निंदणी आहे, कोळपणी आहे, पाखरं हाकायची आहेत. रोप ओढून लांब करता येत नाही, एवढंच. जे आपल्या हातात आहे ते रोज करायचं आणि जे नाही ते ओढायचं नाही. आत्म्याचं फळ हे फळ आहे, म्हणजे ते येतं. बनवता येत नाही. पण तण आपणच काढायचं असतं.

आता दुसरी चिठ्ठी. याच याकोबाच्या अध्यायावरून तिकडे जाता येईल. चिठ्ठीवर नाव नाही, आणि आम्ही ते शोधणारही नाही. तिच्यातला मजकूर जसाच्या तसा वाचत नाही. एका भगिनीला घरात मारहाण होते, आणि तिने मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं तेव्हा तिला उत्तर मिळालं की सहन कर, प्रभूनेही सहन केलं, तुझं चारित्र्य घडतंय.

भगिनी, तू इथे बसली असशील तर ऐक. हे उत्तर चुकीचं आहे. आम्ही आत्तापर्यंत दाब, ठसा, कसोटी असं जे बोललो ते तुझ्या नवऱ्याच्या हाताबद्दल नव्हतं. विसरणाऱ्या आईचा प्रश्न आणि मारणाऱ्या माणसाचा हात या दोन गोष्टी एका पारड्यात ठेवायच्या नाहीत. आपल्या भाषेत 'सोशिक' हा शब्द बाईच्या कौतुकाचा म्हणून वापरतात, पुरुषाला तो क्वचितच लावतात. तेवढ्यावरूनच आपण सावध व्हायला हवं होतं.

याकोब शेतकऱ्याच्या धीराचं बोलतो त्याच्या आधीच्याच वचनांत तो कोणाबद्दल बोलतो आहे? ज्यांनी शेत कापणाऱ्या मजुरांची मजुरी दाबून ठेवली त्या श्रीमंतांबद्दल. ती अडवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आवाज देवाच्या कानी गेला आहे, असं तो त्यांच्या तोंडावर सांगतो. आधी अन्यायाला अन्याय म्हटलं, मग धीराची गोष्ट काढली. आपण आधीची वचनं गाळतो आणि पुढचं फक्त ऐकवतो. आणि प्रभूने सहन केलं म्हणता? योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकासमोर एका शिपायाने प्रभूच्या थोबाडीत मारली. तेव्हा तो गप्प राहिला नाही. त्याने विचारलं की मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? फिलिप्पै इथे पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं, तेव्हा पौलाने नकार दिला : आम्ही रोमी नागरिक आहोत, तुम्ही स्वतः इथे या आणि आम्हाला बाहेर न्या. यातला धीर कमी होता असं कोण म्हणेल? मध्यरात्री बेड्या पायात असताना हेच दोघे स्तोत्रं गात होते.

तेव्हा भगिनी, २००५ सालचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुझ्यासाठी आहे. त्याखाली जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. १८१ हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे, आणि अंगावर संकट असेल तर ११२. सभा संपल्यावर मागच्या दाराजवळ आमची सौ. आणि आणखी दोन भगिनी उभ्या राहतील. त्यांच्याकडे चहा असेल, म्हणजे कोण कशासाठी थांबलं ते कोणाला कळायचं नाही. आणि ज्यांनी तिला ते उत्तर दिलं ते वडीलधारे इथे असतील, तर त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की पुढच्या वेळी सल्ला देण्याआधी तिच्या घरी जाऊन या. क्षमेचं बोलणं नंतर करू. आधी ती सुरक्षित असू दे.

पहिल्या चिठ्ठीला अजून आमच्याकडून एक उत्तर राहिलं. मागणं थांबवू का? थांबवू नका, पण थोडं बदलून बघा. "मला धीर दे" ही फार मोठी आणि धूसर प्रार्थना आहे. आम्ही हल्ली तेवढी मोठी करत नाही. पहाटे आईच्या खोलीचं दार उघडण्याआधी कडीवर हात ठेवून एवढंच म्हणतो, प्रभू, आता जो पहिला प्रश्न येईल त्याच्यापुरतं दे. काही दिवस मिळतं. काही दिवस आम्ही कडी उघडण्याच्या घाईत मागायचंच विसरतो, आणि ते घरात सगळ्यांना कळतं.

साडेसात होऊन गेले. पुढच्या शुक्रवारी ममता हा विषय आहे. येण्याआधी गणनेचा विसावा अध्याय घरी मोठ्याने वाचा, पहिल्या वचनापासून. प्रश्नांची पेटी दाराशी आहे, नाव लिहिलं नाही तरी चालेल. आणि जाताना छत्र्या बघून घ्या, मागच्या वेळी तीन बदलल्या होत्या आणि त्यातली एक अजून आमच्याकडेच आहे.